घसा बसलेला शंख

आमच्या बेटावरच्या वाईसिना गावात संध्याकाळ आपोआप होत नाही, ती मालाकीला करावी लागते. सूर्य आपला आपण बुडतो, त्याचं काही मालाकीवाचून अडत नाही. पण खाडीचं पाणी तांबूस झालं, नीरफणसांच्या बुंध्याशी अंधार साचायला लागला, तरी मालाकी ओट्यावर उभा राहून शंख फुंकत नाही तोवर गावात कुणी संध्याकाळ झाली असं धरत नाही. पोरं चेंडू सोडत नाहीत, बायकांच्या तोंडचा विषय सुटत नाही. शंख वाजला की सगळं जिथल्या तिथे. घरोघरी माणसं चटईवर बसतात, प्रार्थना म्हणतात, आणि दुसऱ्यांदा शंख वाजेपर्यंत कुणी रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. या वेळेला आम्ही 'सा' म्हणतो. सा मोडला तर दंड, आणि दंड म्हणजे डुक्कर. मग तो मोडणारा कुणी का असेना.

आणि आमच्या घरांना भिंती नसतात. नुसते खांब, वर छप्पर. सा चालू असताना कुणाच्या घरात कोण शिंकलं हे अख्ख्या आळीला कळतं. हे ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

मालाकी आपल्या घराण्याचा मुखिया. अंगाने रुंद, चालीने संथ, बोलण्यात काटकसरी. बायको सालोते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं ऑकलंडला, फोनवर 'बाबा, जेवलात का' एवढं न चुकता विचारतात. एवढ्या मोठ्या घरात तो एकटा आणि सोबतीला आरपार जाणारा वारा. खाण्याचा मात्र दांडगा शौक. मेंढीची चरबट बरगडी, डब्यातलं खारं गोमांस, घट्ट नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. असं काही समोर आलं की हा काटकसरी माणूस एकदम उधळ्या व्हायचा.

तालुक्याच्या दवाखान्यातली नर्स फुआतिनो एकदा महिला मंडळाच्या घरी सगळ्यांचं रक्त तपासायला आली. मालाकीच्या रक्तात चरबीच चरबी निघाली.

"कोलेस्टेरॉल," फुआतिनो म्हणाली. "रोज संध्याकाळी एक गोळी घ्यायची, मामा. कायमची."

"माझा बाप जन्मभर डुकराची चरबी खात होता. म्हातारा होऊन मेला."

"तुमचा बाप डोंगरातल्या मळ्यावर चालत जायचा. तुम्ही इओपूच्या गाडीत बसून जाता."

मंडळाच्या बायका फिस्सकन हसल्या. मालाकी गोळ्यांचं पाकीट तिथेच चटईवर ठेवून उठायच्या बेतात होता. तेवढ्यात त्याच्या थोरल्या बहिणीने, लेपेकाने, ते उचललं आणि आपल्या पिशवीत टाकलं.

"रोज मी आणून देईन," ती म्हणाली.

झालं. विषय संपला. आमच्यात भाऊ मुखिया असो नाहीतर मंत्री, बहिणीचा शब्द त्याला खाली पडू देता येत नाही. बहिणीचं मन दुखावलं तर त्या घराचं भलं होत नाही, असं आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. त्या बदल्यात वयात आल्यापासून दोघांनी आब राखायचा. भावाबहिणीने थट्टामस्करी करायची नाही, कारणाशिवाय एकमेकांच्या घरात ठाण मांडायचं नाही. लेपेकाचं घर रस्त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण सालोते गेल्यापासून तिला भावाच्या ओट्यावर येऊन बसायला काही निमित्तच उरलं नव्हतं. आता ते मिळालं.

लेपेकाचं काळीज मागे एकदा दगा देता देता राहिलं होतं. हीच गोळी ती आधीपासून घ्यायची, आणि अगदी डोळ्यांत तेल घालून घ्यायची.

मग रोजचा परिपाठ ठरला. उन्हं उतरली की लेपेका रस्ता ओलांडून यायची. हातात पाण्याची वाटी, मुठीत गोळी. मालाकी मान खाली घालून गोळी घ्यायचा, तोंडात टाकायचा, घोटभर पाणी प्यायचा. मग शंख उचलून फुंकायचा. सा सुरू झाला की लेपेकाला परत जाता यायचं नाही, म्हणून ती तिथेच एका खांबाला टेकून बसायची, हा दुसऱ्या खांबाला. प्रार्थना ओठांतल्या ओठांत. बाहेर रस्ता रिकामा, खाडी निळसर होत चाललेली, कुणाच्या तरी घरातलं भजन पाण्यावरून तरंगत आल्यासारखं यायचं आणि विरायचं. त्या वेळात आमचं गाव जागं आहे की झोपेत, हे सांगणं कठीण. दोघं एक शब्द बोलत नसत. मालाकीला मात्र वाटायचं की दिवसभरात आपल्याशी कुणी बोललं असेल तर ते याच वेळात.

आणि अशा माणसाला तो रोज फसवत होता.

गोळी तो गिळतच नव्हता. गालात धरून ठेवायचा, शंख फुंकायचा, आणि शंख फळीवर ठेवायला पाठ वळवली की गोळी जिभेने अलगद शंखाच्या पोटात सारायचा. शंखाचं पोट वळणावळणांचं. आत गेलेलं बाहेर येत नाही.

हट्टीपणा म्हणाल तर होता, पण तेवढाच नव्हता. सालोतेच्या शेवटच्या वर्षात तिचं जेवण कमी आणि गोळ्या जास्त झाल्या होत्या. सकाळी मूठभर, दुपारी मूठभर. तो भरवायचा, ती निमूट गिळायची. एके सकाळी तिने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. 'आता पुरे' असं ते पाहणं होतं. तरी त्याने बळेच भरवली. संध्याकाळपर्यंत ती गेली. तेव्हापासून गोळीचा कडवट वास आला की त्याचा घसा आपोआप मिटायचा. हे बहिणीला सांगावं तर रडू कोसळेल, आणि मुखियाने बहिणीसमोर रडायचं म्हणजे काय! म्हणून गोळी गिळली नाही, पण मूग मात्र गिळून बसला.

थुंकी, खारी हवा आणि गोळ्या. शंखात हळूहळू पिठाचा लेप बसला. आधी कुणाला कळलं नाही. मग शंखाचा आवाज जड व्हायला लागला, मग घोगरा, मग तर अगदीच बसला.

"मामा, शंखाला सर्दी झालीय की तुम्हाला?" शेजारचा इओपू ओरडायचा. गाडीवाला, जिभेला हाड नाही. "काल आमची गाय हंबरली तर आई प्रार्थनेला बसली!"

"तुझी आई तरी बसते. तू बसतोस का?" मालाकी म्हणायचा.

गाव हसलं. लेपेका हसली नाही. शंख तोच, माणूस तोच, मग आवाज का बसतोय? तिने मनाशी काय ताडलं ते कुणाला सांगितलं नाही. फक्त बसायची जागा बदलली. पलीकडच्या खांबाला टेकायची ती आता मालाकीच्या शेजारच्या खांबाला टेकायला लागली. मालाकीला वाटलं, तिकडे वारा लागत असेल.

त्या वर्षी बोटीतून लग्नाची माणसं आली आणि त्यांच्याबरोबर ताप आला. राजधानीतून बातम्या आधीच येत होत्या. साथीचा फ्लू, छातीत उतरणारा. आमच्याकडे चर्चमागे एक लांबच लांब कबर आहे, पणज्यांच्या वेळच्या अशाच तापाची. एकेकाला वेगळं पुरायला माणसं उरली नव्हती, म्हणून सगळ्यांची मिळून एक. तिच्यावर गवत वाढू द्यायचं नाही असा रिवाज आहे. त्या आठवड्यात न सांगता लोक जाऊन ते गवत काढायला लागले. घाबरलेला माणूस हाताला काम शोधतो.

मालाकीला आधी कसकस आली, मग खोकला. 'होईल बरं' म्हणून तो लिंबाच्या पानांचं पाणी पीत राहिला. लेपेका तोंडाला फडकं बांधून येतच राहिली. एका संध्याकाळी त्याने शंख फुंकला, सा सुरू झाला, दोघं बसले. बाहेर सगळं इतकं शांत की खाडीत मासा उसळलेला ऐकू यावा. मालाकीला छान वाटत होतं. अंग हलकं, डोळ्यांपुढे खांब पाण्यातल्या सावलीसारखे डुलत होते.

"मालाकी," लेपेका म्हणाली.

सा चालू असताना ती बोलली! तो दचकला.

"तुझा श्वास बघ कसा चाललाय."

"कसा?"

"तुटतोय. काल असा नव्हता. परवा नव्हता. नखं दाखव."

त्याने हात पुढे केला. नखं निळसर दिसत होती. त्याला वाटलं, खाडीचा रंग पडला असेल. तो तसं म्हणणार होता, पण 'खाडी' एवढा शब्दही एका दमात होईना.

लेपेका उठली आणि सरळ रस्त्यावर गेली. महिला मंडळाची म्होरकी, जन्मात सा न मोडलेली बाई. चौकात राखणीला बसलेल्या पोरांपैकी एक उठून आडवा झाला.

"मावशी, सा आहे."

"मग? डुक्कर देईन तुला, दोन देईन. बाजूला हो. इओपू! अरे इओपू, गाडी काढ!"

मालाकीला पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गाडीच्या मागच्या फळीवर तो आडवा, डोकं ताईच्या मांडीवर, वर माडांचे शेंडे मागे मागे पळत होते. दवाखान्यात नाकाला नळी लागली. आणि मग तो शंखात गेला. असंच त्याला वाटलं. आत गुळगुळीत, गुलाबी, वळत वळत खोल जाणारी वाट. वाटेवर पांढरं पीठ सांडलेलं, त्यात पावलं उमटत होती. पुढे सालोते चालली होती, पाठमोरी, केसांत फूल खोचून. तो हाक मारायचा, पण त्याच्या तोंडून तो बसलेला घोगरा आवाज निघायचा, आणि ती काही वळायची नाही. शेवटच्या वळणावर ती थांबली. वळून पाहिलं. तोंड घट्ट मिटलेलं, तसंच, त्या सकाळसारखं. तो म्हणाला, 'भरवत नाही गं आता. नको असेल तर नको.' तेव्हा कुठे ती हसली, आणि हाताने 'मागे जा' अशी खूण केली. मागून कुणीतरी श्वास मोजत होतं. आत... बाहेर. आत... बाहेर. तो त्या आवाजाच्या मागे मागे आला आणि डोळे उघडले तर लेपेका खाटेशेजारी बसून पुटपुटत होती, "आत... बाहेर..."

त्याच वॉर्डातली, त्याच्याच वयाची दोन माणसं घरी परतली नाहीत. त्यांतला एक तर खालच्या आळीचा पट्टीचा नावाडी, आयुष्यात कधी आजारी न पडलेला. पण तेव्हा घरात एकटाच होता, बायको लेकीकडे गेलेली. दवाखान्यात आणला तेव्हाच फार उशीर झाला होता.

"तुमचं नशीब बलवत्तर, मामा," फुआतिनो म्हणाली. "वेळेवर आलात. चरबीची गोळी घेत होतात ना?"

मालाकीने तोंड उघडलं, पण उत्तर लेपेकाने दिलं. "रोज! माझ्या डोळ्यांदेखत. एक दिवस चुकली नाही."

"हं. असं वाचण्यात येतं खरं, की ही गोळी घेणारे असल्या तापात जरा कमी दगावतात. पण ते गोळीमुळे, की गोळी नेमाने घेणाऱ्याकडे लक्ष द्यायला कुणीतरी असतं म्हणून, हे नक्की सांगता येत नाही. ऐकताय ना मावशी? गोळी आहे ती काळजासाठी. तापासाठी तिच्यावर विसंबू नका."

लेपेकाने पहिलं वाक्य ऐकलं. पुढचं तिच्या रडण्यात वाहून गेलं.

मालाकी घरी आला आणि गावात एकच चर्चा. मालाकी गोळीने वाचला! ताप अजून घराघरांत फिरत होता, भीतीने लोकांचे चेहरे उतरले होते, आणि लेपेकाच्या पिशवीत वाचवणारी वस्तू होती. आमच्याकडे आपल्या माणसाने काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. आणि गावात आपलं माणूस नाही असं आहे तरी कोण? इओपूची आई आली, अळूचे कांदे घेऊन. पाद्रीबाई आल्या. खालच्या आळीची नावाडीण आली, नवरा गेला ती, नातवंडांसाठी मागायला. तिला कोण नाही म्हणणार? पोरांना ही गोळी द्यायची नसते म्हणून लेपेकाने तिलाच दिली. सगळ्यांना दिली. गोळ्यांच्या चंदेरी पानातून एकेक, दोन दोन.

मालाकीला ती रोज आणून देतच होती. आजारातून उठल्यावर तरी गिळावी असं त्याने मनाशी ठरवलं होतं, पण तोंडात घेतली की सालोतेचं मिटलेलं तोंड दिसायचं. गोळी पुन्हा शंखात.

एका दुपारी तो मळ्यावरून येत होता, तर लेपेका वाटेतल्या दगडावर बसलेली. एक हात छातीवर, ओठ पांढरे.

"ताई?"

"काही नाही रे. चढ लागला."

तिथे चढ नव्हता. तिची पिशवी शेजारी पडली होती, तोंड उघडं. आतली गोळ्यांची पानं त्याला दिसली. सगळी रिकामी, चुरगळलेली.

"तुझी गोळी घेतेस ना?"

"घेईन की. फुआतिनो आली की नवीन मिळतील."

"म्हणजे आता घेत नाहीस?"

"अरे, माझं काळीज काय पळून चाललंय? लोकांच्या घरात मरण बसलंय. तू वाचलास ना? मग दुसऱ्यांनी वाचू नये?"

फुआतिनो औषधं आणणाऱ्या बोटीची वाट बघत होती, बोट येईना. इथे ताई आपल्या काळजाची गोळी वाटत सुटली होती, मालाकीच्या खोटेपणाच्या भरवशावर. तिला काही झालं तर तिला मारणारा ताप नसेल, आपण असू. हे त्याला इतकं लख्ख कळलं की तोही तिच्याशेजारी खाली बसला.

आधी त्याने पळवाट शोधली, नाही असं नाही. संध्याकाळी इओपूला गाठून म्हणाला, "त्या गोळीत काही नाही रे. आईला सांग, परत करायला."

"वा मामा! स्वतः वाचलात, आता आम्हाला दार बंद?" इओपू डोळे मोठे करून म्हणाला. "त्या गोळीत काही नाही तर तुम्ही काय हवेवर जगलात?"

मालाकी घराकडे वळला. खरं सांगितल्याशिवाय ही गोष्ट थांबणार नव्हती. पण खरं सांगायचं म्हणजे काय, हे आमच्यातल्याच माणसाला कळेल. चोरी केली तर दंड भरून मोकळं होता येतं. बहिणीच्या हातचं रोज तोंडात घेऊन थुंकायचं, याला दंड नाही. उद्यापासून ती आलीच नाही तर? तो शेजारचा खांब रिकामा राहिला तर? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने तो खांब बघत काढला. आणि मग ताईचे पांढरे ओठ आठवले, आणि तो उठला.

शंख घेऊन तो खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरला. शंख बुडवला, हलवला, ओतला. पांढरं पाणी निघालं, मग ढेकळं, मग पुन्हा पांढरं पाणी. लहान मासे जमा झाले, तोंड लावून परत गेले. उन्हं कलेपर्यंत तो धूत होता. मग घरी जाऊन त्याने आढ्यावरची गुंडाळी काढली. सालोतेने लग्नात आणलेली, रेशमासारखी बारीक विणीची चटई. आमच्याकडे फार मोठा गुन्हा केलेला माणूस अशी चटई डोक्यावरून पांघरून ज्याचा गुन्हा केला त्याच्या दारात जाऊन बसतो. समोरच्याने चटई उचलली तर क्षमा. नाही उचलली तर बसून राहायचं.

लेपेका यायच्या आधीच त्याने शंख फुंकला.

अख्खं गाव चमकलं. शंख वाजला तो असा स्वच्छ, की डोंगरावरून उलटून आला. मग सा. रस्ता रिकामा झाला. आणि त्या रिकाम्या रस्त्यावर मालाकी उतरला, चटई पांघरून, स्वतः वाजवलेला सा स्वतःच्या पायांनी मोडत. राखणीची पोरं उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. चटईखालचं माणूस अडवत नाहीत.

तो ताईच्या घरापुढे जमिनीवर बसला. चटईच्या आत तपकिरी उजेड होता, केवड्याच्या पातीचा जुना वास होता, सालोतेच्या अंगाचा असावा तसा. त्याला क्षणभर तिथेच झोपून जावंसं वाटलं. घरातलं भजन थांबलं. पावलं आली, जवळ, अगदी जवळ.

"कोण गेलं?" लेपेकाने विचारलं. तिला वाटलं, कुणाचं तरी मरण कळवायला आलाय.

"कुणी नाही, ताई. मी गोळ्या गिळल्या नाहीत."

"कुठल्या?"

"तू दिलेल्या. सगळ्याच. एकही नाही गिळली."

"रोज माझ्या डोळ्यांसमोर घेत होतास. गेल्या कुठे?"

"शंखात."

शेजारी इओपूच्या घरातली प्रार्थना मधेच थांबली. मग पलीकडची. मग त्याच्या पलीकडची. भिंती नाहीत आमच्याकडे.

"शंखात?" लेपेका म्हणाली. "म्हणजे तो शंखाचा घसा..."

"गोळ्यांनी बसला होता. आज धुतला."

धप्पकन आवाज झाला. ती पायरीवर बसली होती.

"मेल्या! अरे मेल्या, मला वाटलं तुझी छाती गेली! शंख असा घोगरा का वाजतो म्हणून रोज संध्याकाळी मी प्रार्थना सोडून तुझे श्वास ऐकत बसत होते. तोंडात देवाचं नाव आणि कान तुझ्या छातीला! पाद्रीबुवांना सांगायची चोरी!"

"श्वास ऐकत होतीस? रोज?"

"रोज. म्हणून तर त्या दिवशी कळलं ना. नाहीतर मी काय डॉक्टर आहे?"

चटईखाली मालाकी तोंडावर हात धरून बसला. तो वाचला होता तो गोळीनेच. पोटात गेलेल्या नव्हे, शंखात गेलेल्या. आणि त्याहीपेक्षा, त्या दुसऱ्या खांबाला टेकून बसलेल्या माणसामुळे. त्याला रडू आलं. चटईखाली मुखियाला रडायला परवानगी असते की नाही, हे त्याने आता विचारलं नाही. सालोतेची ती सकाळ, तिचं मिटलेलं तोंड, आपण बळेच भरवलं ते, सगळं त्याने हुंदक्यांत सांगून टाकलं.

"म्हणजे मामा गोळीने वाचले की नाही?" इओपूचा आवाज.

"गप्प बसा हो, सा आहे," त्याची बायको.

"लेपेका," ही इओपूची म्हातारी, "माझ्याकडे उरल्यात गं दोन. सकाळी घेऊन जा. आणि अळू परत आणू नकोस."

चटई उचलली गेली. मालाकीने वर पाहिलं. ताईचे गाल ओले होते, आणि मूठ पुढे केलेली. मुठीत गोळी.

"तोंड उघड," ती म्हणाली.

त्याने गोळी तळहातावर घेतली. तिचा हात गार होता.

"ही शेवटची ना, ताई?"

तिने मान हलवली.

"तुझी ना?"

"तुझ्यासाठी ठेवली होती."

भावाने बहिणीला हुकूम करायचा नसतो. मालाकी गुडघ्यांवर उठला, गोळी तिच्या ओठांपाशी धरली.

"ताई, तूच उघड तोंड. जन्मात तुझ्याकडे काही मागितलं नाही. गिळ, आणि जीभ दाखव. मी तर तुला दाखवलीच नाही कधी."

लेपेका हसायला गेली आणि रडली. मग पाण्याशिवायच गिळली, आणि लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढून दाखवली.

"आणि तुझं काय?"

"फुआतिनो आली की माझी मी मागून घेईन. तुझ्यासमोर गिळेन. घसा मिटला तर तू हात धर."

"धरीन. आता ऊठ, शंख फुंक. गाव उपाशी बसलंय."

"शंख घरी आहे. पुन्हा रस्ता ओलांडावा लागेल. दोन डुकरं होतील."

"एक मी देते. माझं मागचंही द्यायचंय."

तो उठला, रस्त्यावरून संथ चालत गेला. कुठेही हूं की चूं नाही, पण खांबाखांबाआडून अख्खं गाव आपल्याकडे बघतंय हे त्याला कळत होतं. ओट्यावर उभा राहून त्याने शंख उचलला आणि छातीत मावेल तेवढा वारा भरून फुंकला. आवाज डोंगरावर गेला, परत आला, खाडीवर पसरला. घरांतून बोलणी सुटली, ताटं वाजली.

रस्त्यापलीकडे ताई अजून पायरीवर बसली होती, डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून. शंख अगदी स्वच्छ वाजला होता, तरी ती ऐकतच होती.